#थ्रेड : ग्नूप्लॉटचे दर्शनी रूप आणि मॅटप्लॉटलिबचा जन्म

१९८६ साली टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ग्नूप्लॉट लिहिण्यास आरंभ केला. आज्ञा टंकावी, आलेख उमटावा. (ग्नू प्रकल्पाशी याचा संबंध नाही, नाव ही निव्वळ शाब्दिक कोटी!)

पुढे पायथॉनवाल्यांना या आज्ञांवर खिडक्या-बटणांचे दर्शनी रूप चढवावेसे वाटले. युक्ती सोपी : ग्नूप्लॉट स्वतंत्र प्रक्रिया म्हणून सुरू करायचा आणि पाइपमधून त्याला आज्ञा पुरवायच्या. अडचणही तिथेच होती. प्रवाह एकाच दिशेचा. आज्ञा चुकली तरी पायथॉनला त्याचा सहजी पत्ता लागत नसे आणि आलेखाची खिडकी ग्नूप्लॉटच्याच ताब्यात राही.

२००२ मध्ये मेंदूतील विद्युत्संकेतांचे अभ्यासक जॉन हंटर यांनी आयपायथॉनमधून ग्नूप्लॉट हाकणारा पॅच फर्नांडो पेरेझ यांच्याकडे पाठवला. पेरेझ पीएचडी संपवण्याच्या धांदलीत होते. पाहायला काही महिने लागतील, असे त्यांनी कळवले. विलंब इतका फलदायी क्वचितच ठरतो. हंटर यांनी ग्नूप्लॉटचा आधारच सोडला आणि आलेख रेखाटणारा स्वतंत्र संच रचला. २००३ मध्ये मॅटप्लॉटलिबची ०.१ आवृत्ती आली.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, हंटर निवर्तले. मॅटप्लॉटलिबचे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवले.