तारेचा मक्ता व भागांचा सट्टा

भागबाजारातील अरिष्टाचे खापर गुंतवणूकदारांच्या लोभावर फोडण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेट कंपन्यांच्या भागांवर जो सट्टा झाला, त्याची मीमांसाही बहुधा अशीच केली जाते. परंतु ‘ॲट होम’ या कंपनीचा वृत्तान्त तपासला असता, या सट्ट्याच्या मुळाशी कायद्याचा एक अनिर्णित प्रश्नही होता, असे दिसून येते. घरोघर पोहोचलेल्या केबलच्या तारेवर प्रवेश कोणाला, हा तो प्रश्न होय.

ही कंपनी १९९५ मध्ये टीसीआय ही केबल कंपनी व क्लायनर पर्किन्स ही भांडवल पुरविणारी संस्था यांनी स्थापन केली. पुढे कॉमकास्ट व कॉक्स या केबल कंपन्याही तीत सामील झाल्या. दूरचित्रवाणीच्या तारांवरून वेगवान इंटरनेट पुरविणे हा तिचा व्यवसाय. मात्र तारा तिच्या मालकीच्या नव्हत्या. त्या वापरण्याचा अनन्य अधिकार तिला भागीदारांच्या करारांनी मिळाला होता व त्याची मुदत २००२ मध्ये संपावयाची होती. जुलै १९९७ मध्ये साडेदहा डॉलरांस विकलेला तिचा भाग इतका वधारला की, जानेवारी १९९९ मध्ये भागांच्याच बळावर तिने ‘एक्साइट’ ही कंपनी ६.७ अब्ज डॉलरांस घेण्याचे ठरविले.

या मक्त्यास आव्हान मिळाले ते ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात. टीसीआय विकत घेणाऱ्या एटी अँड टी कंपनीने प्रतिस्पर्ध्यांनाही तार खुली करावी, अशी अट नगरशासनाने डिसेंबर १९९८ मध्ये घातली. जिल्हा न्यायालयाने ती १९९९ मध्ये उचलून धरली. अपील न्यायालयाने जून २००० मध्ये रद्द ठरविली. मुक्त प्रवेशाची हिरिरीने मागणी करणाऱ्या ‘अमेरिका ऑनलाइन’ने जानेवारी २००० मध्ये केबलचे विस्तृत जाळे बाळगणाऱ्या टाइम वॉर्नरशी विलीनीकरण जाहीर केले, आणि कायद्याने सक्ती करावी हा तिचा आग्रह मावळला. तथापि विलीनीकरणास संमती देताना संघीय व्यापार आयोगाने तीच अट तिच्यावर घातली.

एक्साइटसह एक झालेल्या ॲट होमने सप्टेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे जाळे ३०.७ कोटी डॉलरांस घेण्याची तयारी एटी अँड टीने डिसेंबरमध्ये मागे घेतली. केबल कंपन्यांनी ग्राहक आपापल्या जाळ्यांवर वळविले व फेब्रुवारी २००२ अखेर ॲट होमची सेवा बंद पडली. कूळ निघून जावे आणि जमीन पिकासह मालकाकडे राहावी, तसाच हा प्रकार झाला.

केबलवरील इंटरनेटच्या भवितव्याविषयी गुंतवणूकदारांचा अंदाज चुकीचा नव्हता. मालकी व मुदतीचा मक्ता यांतील भेद त्यांनी ओळखला नाही, ही त्यांची खरी चूक होय. पुढील महिन्यातच संघीय दळणवळण आयोगाने ही सेवा ‘माहिती-सेवा’ ठरविली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तार खुली करण्याच्या सक्तीतून मालक सुटले, त्या वेळी त्या मक्त्यावर पैसा लावणाऱ्यांची कंपनी अस्तित्वातही नव्हती.