अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मुखाने दुग्धपान
गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला रुग्णालयात टप्प्याटप्प्याने तोंडाने दूध घेण्यास शिकवले जाते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणतः ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तत्पूर्वी घाईने पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून आरंभी आईचे पिळलेले दूध बारीक नळीने थेट जठरात सोडतात. याच काळात बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे (कांगारू मातृसेवा) व रिकाम्या केलेल्या स्तनावर चोखू देणे हा खरा सराव होय. पुढे वाटी-चमचा किंवा बोंडले येते. घरोघरीचे हे जुने चोचीचे भांडे, दर वेळी उकळून घेतल्यास, बाटलीपेक्षा निर्धोक ठरते. दूध ओतायचे नसते. ओठांशी टेकवून बाळाला घेऊ द्यायचे असते. ओठ निळसर झाल्यास वा श्वास अडखळल्यास पाजणे तत्काळ थांबवतात.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा असल्याने येथे प्रश्न रुग्णालयाबाहेर अधिक बिकट होतो. आशा स्वयंसेविकांच्या घरभेटी जन्मानंतर ४२व्या दिवसापर्यंत असतात; दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याच्या वाटेला लागली, तर त्या भेटी गावातच राहतात आणि कोपीवर बाळाला पाजणारी आई एकटी उरते. अशा मातेला घरी सोडण्यापूर्वीच दूध पिळणे, बोंडल्याने पाजणे व धोक्याची लक्षणे ओळखणे स्वहस्ते करता यावे लागते.