सुभेदार रामजी : केवळ ‘बाबासाहेबांचे वडील’ नव्हेत

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. १९१३ साली याच दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरवर्षी आपण त्यांचा फोटो टाकतो, खाली ‘विश्वरत्नाचे पिता’ असे लिहितो आणि विनम्र अभिवादन करून मोकळे होतो. अभिवादन जरूर करावे. पण चौदाव्या अपत्यामुळेच जर आपण रामजींना ओळखत असू, तर आपल्या चळवळीच्या मुळाशी असलेला एक मोठा इतिहास आपण वाचलेलाच नाही, असे आम्हाला वाटते.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. सासरे मुरबाडकर हेही लष्करातले सुभेदार. म्हणजे रामजी आणि भीमाबाई दोघेही लष्करी घरांतून आलेले. गावात महाराच्या वाट्याला वतनाची वेठ आणि येसकरकी होती, छावणीत नोकरी, पगार आणि हुद्दा होता. आपण १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना द्यायला जातो, तेव्हा तलवारीची आठवण काढतो. पण लष्कराने या समाजाला दिलेली खरी शिदोरी तलवार नव्हे, पाटी-पेन्सिल होती. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लष्करात शिक्षण सक्तीचे होते, हे स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. रामजी पुण्याच्या पंतोजी शाळेत शिकले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ज्या जातीला गावच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्या जातीचा माणूस सरकारी शाळेचा हेडमास्तर होता, ही गोष्ट नीट समजून घ्या. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला तो या हेडमास्तरांच्या घरी.

इथे लगेच एक आक्षेप येतो. ‘म्हणजे इंग्रजांनीच तुम्हाला घडवले!’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी १८९२ साल विसरू नये. त्या काळी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारखे अधिकारी ‘लढवय्या जाती’चा सिद्धांत मांडत होते. त्यातून महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या रक्तावर कंपनीने लढाया जिंकल्या, त्यांनाच लढण्यास नालायक ठरवण्यात आले. मग कसला उपकार? गरज होती तोवर घेतले, गरज सरल्यावर दार लावले.

या बंद दारावर पहिली थाप मारली ती पेन्शनर शिपायांनी. १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर लेखणी घेऊन उभे राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि पुढे भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. रामजीही या बंदीविरुद्ध धडपडले, अर्जाच्या कामी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असे चरित्रकार नोंदवतात. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे मागणी नेली. १९१७ साली महायुद्धाची गरज म्हणून १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे बापाने ज्या मागणीसाठी अर्ज केला, ती जवळपास पन्नास वर्षांनी लेकाच्या हयातीत पदरात पडली. हा हक्काचा लढा होता. त्याला उपकाराची कहाणी म्हणता येणार नाही.

आता रामजींच्या घराकडे पाहू. निवृत्तीनंतर ते दापोलीला राहिले आणि तिथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. १९०१ साली मुले सुट्टीत त्यांना भेटायला निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, गाडीभाड्याला पैसे, सगळे होते. पण मसूर स्टेशनावर जात सांगताच स्टेशनमास्तर दूर झाला, गाडीवाल्याने दुप्पट भाडे घेऊन मुलालाच बैल हाकायला लावले आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. हे बाबासाहेबांनीच लिहिले आहे. ‘आता जात कुठे राहिली, सगळा प्रश्न पैशाचा आहे’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही हा प्रसंग वाचायला सांगतो. सुभेदाराच्या पेन्शनने घराची आर्थिक स्थिती सुधारली होती. तिने जात पुसली नाही.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. एकाच खोलीत संसार आणि त्याच खोलीत अभ्यास. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना उठवून स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचे दागिने गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. दोघा भावांचे शिक्षण झेपेना म्हणून आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. म्हणून आम्ही म्हणतो, बाबासाहेबांच्या पदवीवर मंजुळा आणि तुळसा यांचे सोने आहे, आनंदरावांची शाळा आहे, मीराबाईंचे कष्ट आहेत. ‘एकटा अलौकिक पुरुष’ हे चित्र भक्तांना आवडते. पण एका कुटुंबाने ठरवून, पोटाला चिमटा काढून केलेले हे काम आहे, आणि त्यात बायकांचा वाटा फार मोठा आहे.

रामजींना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. ते कबीरपंथी होते, घरात रामायण-महाभारत वाचून घेत, त्यांचा दुसरा विवाह लहान भीमरावांना रुचला नव्हता. त्यांना आजच्या मापाने बौद्ध ठरवण्याची घाई कशाला? जात न मानणारा कबीर त्या घरात रोज गायला जात होता, महात्मा फुल्यांविषयी आदर होता, आणि शिक्षणावाचून गती नाही हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या काळात ही मोठी झेप होती.

भीमरावांनी बडोद्याची नोकरी धरावी हे रामजींना पसंत नव्हते. भीमराव जानेवारी १९१३ मध्ये तिकडे गेले, आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते परतले तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजत होते. लेकाला डोळे भरून पाहून त्यांनी प्राण सोडला.

तरुण मित्रहो, आपल्या वस्त्यांत आजही निवृत्त शिपाई, हवालदार, सुभेदार आहेत. घरोघरी जुन्या ट्रंकांत पेन्शनबुके, पदके, पलटणीतले फोटो पडून आहेत. ते कागद वाळवीने खाण्याआधी वाचा, त्यांच्या प्रती काढा, म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या बायकांनाही विचारा : मुलांना शिकवायला काय विकले, काय गहाण ठेवले, कोणाची शाळा सुटली? आपला इतिहास दुसरे कोणी लिहून देणार नाही. पुढच्या २ फेब्रुवारीला फोटोबरोबर अशी एक तरी लिहिलेली हकिकत वस्तीतल्या विहारात वाचली जावी. सुभेदार हेडमास्तर होते. त्यांना हेच अभिवादन शोभेल.

जय भीम!