दोरीला टांगलेला चेंडू

१८८६ ते १८९० या वर्षांत न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंचे फोटो घातले. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा लागेच. त्यावरच खेळाडू चिकटवला. वेगातला चेंडू टिपणे तेव्हाच्या कॅमेऱ्याला जमत नसे. मग स्टुडिओत चेंडू दोरीला टांगायचा आणि खेळाडूने तो झेलण्याचा आव आणायचा. काही कार्डांवर ती दोरी चक्क दिसते! मागे रंगवलेला पडदा, पुढे पिळदार देह. त्याचा पगार, त्याचे सोबती चौकटीबाहेर. १८८७ च्या जुलैत तिकडच्या इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार न करण्याचे ठरवले. कार्डांवर त्याची खूण कशी असणार?

आपल्याकडे क्रिकेटमध्ये अशी चौकट आखायला स्टुडिओही लागला नाही. मद्रासेत गोऱ्यांचे जेवण पॅव्हिलियनमध्ये आणि हिंदी खेळाडूंचे झाडाखाली, असे सांगतात. बुची बाबू नायडूंनी १८८८ मध्ये मद्रास युनायटेड क्लब काढला, तो या अपमानाला उत्तर म्हणून.

पुण्यात तर भिंत घरातलीच होती. चांभार कुटुंबातले बाळू पालवणकर पूना क्लबात महिना चार रुपयांवर होते. ‘जंगली’ ग्रेग या कप्तानाला त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. बॅट मात्र हाती मिळाली नाही. बॅट साहेबाची, घाम नोकराचा. इंग्लंडमधल्या सिगारेट कार्डांवर झळकलेले हिंदी क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे राजपुत्र आणि फलंदाज असावेत, यात मला योगायोग वाटत नाही. पुढे हिंदूंच्या क्लबाने बाळूंना संघात घेतले, पण चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. धाकटे बंधू शिवरामही संघात होते. त्या संघाच्या फोटोत महाराज आणि पालवणकर एकाच चौकटीत आहेत. तो फोटो खोटा नाही. पण पुण्यातला तो चहा ज्याला ठाऊक नाही, त्याला तो फारच सुखाचा वाटेल.

हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे आणखी एक धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. तोवर बाळूंचा खेळ संपला होता.