एलिचपूरचा डास

१/ २० ऑगस्ट १८९७. सिकंदराबादेत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. शोध युगप्रवर्तक होता. पण त्या डासाचे शास्त्रीय नाव रॉस यांना ठाऊक नव्हते. 'ठिपकेदार पंखांचा डास' एवढीच ओळख त्यांनी नोंदवली.

२/ उष्ण प्रदेशांतील डासांची पद्धतशीर पाहणी तोवर झालीच नव्हती. डास हा अर्धा जलचर. अंडी, अळी आणि कोष या तिन्ही अवस्था पाण्यात सरतात; हवेत येतो तो केवळ प्रौढ कीटक. त्यामुळे त्याचा माग काढायचा तर डबकी, कालवे आणि विहिरी धुंडाळणे भागच होते.

३/ लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे वसाहतींतून डासांचे नमुने येऊ लागले. फ्रेडरिक थिओबाल्ड यांनी १९०१ ते १९१० या काळात पाच खंडांत त्यांचे वर्णन केले.

४/ याच काळात डॉ. ग्लेन लिस्टन वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे वर्षभर डासांच्या सवयी टिपत होते. १९०१ मध्ये त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले : ॲनोफिलीस स्टीफन्सी.

५/ ओळख पटवायची कशी? ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते; क्युलेक्सची अळी डोके खाली करून तिरकी लोंबते. पुढे पंखांवरील ठिपके आणि पायांवरील पट्टे पाहून जात ठरते.

६/ हा खटाटोप कशासाठी? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत स्टीफन्स आणि ख्रिस्तोफर्स यांनी डासांचे विच्छेदन केले. क्युलिसिफेसीज या जातीत परजीवी सापडला. रॉस यांचेच नाव दिलेल्या 'रॉसाय' जातीत मात्र तो आढळला नाही! म्हणजे डास दिसला की तो हिवतापाचा वाहक असतोच असे नाही. खरा वाहक कोण आणि तो कोणत्या पाण्यात वाढतो, हे कळल्याखेरीज उपाय आंधळाच.

७/ मुंबईत याचा प्रत्यय आला. १९११ च्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाचा मुख्य वाहक म्हणून स्टीफन्सीकडे बोट दाखवले. हा डास गटारात नव्हे, तर विहिरी व टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. विहिरी झाकण्याचे वा बुजवण्याचे धोरण आले, तेव्हा विरोधही झाला; कारण त्या पाण्याशी अनेकांची धर्मश्रद्धा निगडित होती.

८/ हा इतिहास संपलेला नाही. २०१२ मध्ये हीच जात आफ्रिकेतील जिबूती येथे आढळली, पुढे इथिओपियातही पोहोचली. आफ्रिकेतील हिवताप प्रामुख्याने ग्रामीण मानला जाई. टाक्यांत वाढणाऱ्या या डासाने तो शहरांच्या दारात आणला. तेथील संशोधक आज ज्या नावाने त्याचा माग काढतात, ते नाव वऱ्हाडातील पाणी तपासताना त्याला मिळाले होते.