गोळी आधी की घर आधी? : लहानग्यांच्या एडीएचडीवरील उपचारांचा इतिहास

१/
चार वर्षांचे मूल क्षणभर एका जागी बसत नाही. बालवाडीतून रोज तक्रार येते. अखेर तज्ज्ञ एडीएचडीचे, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचे, निदान करतात. मग आईवडिलांची झोप उडवणारा प्रश्न उभा राहतो : औषध द्यावे की देऊ नये? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि तो वाचल्यावर प्रश्नाचेच स्वरूप पालटते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
१७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मानसिक विकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाला स्वतंत्र प्रकरण दिले. मन एका विषयावर न ठरणे हे जन्मजात असू शकते, त्याने शिक्षणात अडथळा येतो आणि वयानुसार ते बहुधा कमी होते, असे त्याने नोंदवले. मुलाला दूषण देण्याचा सूर त्यात नाही. तो सूर पुढे आला.

३/
मार्च १९०२. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशा मुलांचे वर्णन त्यांनी केले आणि त्या अवस्थेला ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ म्हटले. हे शारीरिक कारणाने घडू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ती मोठी झेप होती. पण शब्द मात्र नीतीचाच राहिला. ‘वाया गेलेले पोर’ हा शिक्का पुसायला आणखी काही दशके जावी लागली.

४/
कलाटणी दिली ती एका साथीने. १९१७ नंतरच्या दशकात मेंदूला सूज आणणारा ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ युरोप-अमेरिकेत पसरला. त्यातून वाचलेली कित्येक मुले आजारापूर्वी शांत होती. आजारानंतर ती अस्वस्थ, उतावळी आणि अनावर झाली. चंचलपणाचे मूळ मेंदूत असू शकते, याचा पुरावा घरोघरी दिसू लागला. या मुलांना सांभाळायचे कोठे, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता.

५/
अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात त्याचे एक उत्तर १९३१ साली उभे राहिले. जॉर्ज ब्रॅडली या धनिकाची एकुलती एक कन्या एमा सातव्या वर्षी मेंदूज्वराने कायमची अपंग झाली होती. तिच्यासाठी उपचारांची जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी मृत्युपत्रात आपली संपत्ती अशा मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवली. एमा पेंडल्टन ब्रॅडली होम हे त्याचे नाव. मुले तेथेच राहत, तेथेच शिकत. परिचारिका आणि शिक्षक त्यांना दिवसभर पाहत.

६/
या संस्थेचे प्रमुख चार्ल्स ब्रॅडली हे त्याच घराण्यातले. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी त्या काळी पाठीच्या कण्यातून द्रव काढून हवा भरत. त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा विशेष परिणाम झाला नाही. शिक्षकांनी मात्र वेगळेच सांगितले : काही मुले एकाएकी अभ्यासात रमली आहेत! मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव दिले.

७/
१९३७ साली ब्रॅडलींनी ५ ते १४ वर्षे वयाच्या ३० मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. तीन आठवडे निरीक्षण आणि औषध फक्त मधल्या आठवड्यात. १४ मुलांच्या शालेय कामगिरीत ठळक सुधारणा दिसली.

ही कथा नेहमी ‘गोळीचा शोध’ म्हणून सांगितली जाते. पण ती गोळी कोणत्या परिस्थितीत दिली गेली तेही पाहावे. मूल चोवीस तास निगराणीखाली, शिक्षक सोबत, औषधाआधीची आणि नंतरची नोंद हाताशी. गोळीभोवती सबंध घर उभे होते.

८/
पुढे गोळी घराबाहेर पडली. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीचे रसायनतज्ज्ञ लिआंड्रो पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले. पत्नी मार्गरीट, लाडाने रिटा, हिच्या नावावरून औषधाला ‘रिटालिन’ हे नाव मिळाले. १९५० च्या दशकात ते बाजारात आले आणि पुढच्या दशकात चंचल मुलांवरील मुख्य औषध बनले. आता ते देण्यासाठी निवासी रुग्णालय लागत नव्हते. एक चिठ्ठी पुरेशी होती.

९/
१९७० च्या जूनमध्ये ओमाहा शहरातील ५ ते १० टक्के शाळकरी मुलांना अशी औषधे दिली जातात, अशी बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापली. तो आकडा पुढे वादग्रस्त ठरला. पण खळबळ इतकी माजली की सप्टेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. शाळेला शांत वर्ग हवा म्हणून मुलाला औषध द्यायचे का, हा प्रश्न तेव्हा प्रथम जाहीरपणे विचारला गेला. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारान्वये मिथाइलफेनिडेटवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले. भारतातही ते १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते.

१०/
याच सुमारास दुसरा प्रवाह वाहू लागला होता. १९६० च्या दशकात ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी आईवडिलांनाच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. सूचना एका वेळी एकच आणि स्पष्ट द्यावी, चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल घ्यावी, दिनक्रम ठरावीक ठेवावा, शिक्षा सौम्य पण ठाम असावी. वाचायला सोपे, थकलेल्या संध्याकाळी पाळायला अतिशय अवघड. म्हणूनच त्याला प्रशिक्षण लागते. पालकांचे काही चुकले म्हणून ते दिले जात नाही. अशा मुलाला वाढवणे हे सामान्य कौशल्याच्या पलीकडचे काम आहे, ही त्यामागची भूमिका.

११/
मग तुलना झाली. १९९९ साली ‘एमटीए’ या अमेरिकी प्रयोगाचे निष्कर्ष आले. ७ ते ९ वर्षांची ५७९ मुले, चार गट, १४ महिने. मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार प्रभावी ठरला. औषधाला वर्तनोपचाराची जोड दिलेल्या गटात कमी मात्रा पुरली.

सर्वांत बोलका ठरला चौथा गट. ही मुले आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जात होती. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळतच होते, तरी त्यांचे निकाल मागे पडले. प्रयोगातील डॉक्टर मुलाला दरमहा भेटत, शिक्षकांकडून माहिती घेत आणि मात्रा जुळवत. औषध बहुधा तेच होते. त्याभोवतीची काळजी वेगळी होती.

१२/
पण ही मुले सात वर्षांपुढची. चार वर्षांच्या मुलाचे काय? मिथाइलफेनिडेटच्या वेष्टनावर सहा वर्षांखालील मुलांसाठी ते नसल्याची सूचना होती. तरी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की, १९९१ ते १९९५ या काळात अमेरिकेत २ ते ४ वर्षांच्या मुलांना ते देण्याचे प्रमाण बरेच वाढले होते. पुरावा मागे राहिला होता आणि चिठ्ठी पुढे गेली होती.

१३/
हा पुरावा गोळा करण्यासाठी झालेल्या ‘पॅट्स’ या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ३ ते साडेपाच वर्षांची ३०३ मुले निवडली गेली. नियम असा की, आधी पालकांना दहा आठवड्यांचे प्रशिक्षण; ज्यांना त्याने पुरेसा गुण येणार नाही त्यांनाच पुढे औषध, तेही अगदी अल्प मात्रेत. औषधाने फायदा झाला. पण मोठ्या मुलांइतका नाही. चिडचिड, रडवेपणा, झोप आणि भूक कमी होणे हे त्रास अधिक दिसले. ११ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे थांबवावे लागले. उंची आणि वजन वाढण्याचा वेगही मंदावला.

१४/
प्रशिक्षणाची बाजूही तपासली गेली. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये ३ वर्षांच्या ७८ मुलांवर झालेल्या प्रयोगात, विशेष शिकलेल्या परिचारिकांनी घरी जाऊन पालकांना आठ आठवडे मार्गदर्शन केले. त्या गटातील निम्म्याहून अधिक मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली. पण २००४ मध्ये तोच कार्यक्रम सर्वसाधारण परिचारिकांनी रोजच्या कामाच्या ओघात राबवला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे गोळीला लागू असलेला नियम प्रशिक्षणालाही लागू आहे : ते कोण देतो आणि किती मन लावून देतो, यावर सारे अवलंबून.

१५/
या पुराव्यांनंतर वैद्यकीय संस्थांनी क्रम निश्चित केला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०११ आणि २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात : ४ ते ६ वर्षांच्या मुलासाठी प्रथम पालक-प्रशिक्षण, त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास गंभीर असेल, तरच औषधाचा विचार. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८ च्या सूचनेनुसार पाच वर्षांखालील मुलाला औषध देण्यापूर्वी दुसऱ्या विशेषज्ञाचे मत आवश्यक आहे.

१६/
मात्र कागदावरचा क्रम व्यवहारात उलटतो. २०१६ साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने जाहीर केले की, एडीएचडीसाठी उपचार घेणाऱ्या २ ते ५ वर्षांच्या सुमारे ७५ टक्के मुलांना औषध मिळत होते. मानसोपचार-सेवा मात्र जेमतेम निम्म्यांना. गोळी औषधालयात मिळते, प्रशिक्षक मिळत नाही. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजनाही आहे. त्या केंद्रांत पालकांना शिकवणारे हात किती आहेत, यावर तिचे मोल ठरेल.

१७/
तेव्हा लहान मुलासाठी उपचार निवडताना इतिहास हे प्रश्न हाती देतो. निदानापूर्वी घर आणि बालवाडी या दोन्ही ठिकाणांची माहिती घेतली का? श्रवण, दृष्टी, झोप यांच्या अडचणी तपासल्या का? पालकांना प्रशिक्षण कोण देणार, किती आठवडे? औषध लागलेच तर मात्रा कशी वाढवणार, उंची-वजनाची नोंद कोण ठेवणार, पुढची भेट केव्हा? ज्या डॉक्टरांकडे या प्रश्नांना शांतपणे उत्तरे आहेत, ते योग्य डॉक्टर. आणि चालू असलेले औषध थ्रेड वाचून कोणीही परस्पर बंद करू नये. तोही निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्यावा.

१८/
ब्रॅडलींच्या रुग्णालयात शिक्षकांनी वर्गातला बदल टिपला, तो ती मुले रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती म्हणून. औषधाला शत्रू ठरवण्याचे कारण नाही. कित्येक मुलांना त्याने शाळा परत मिळवून दिली. पण त्या पहिल्या आठवड्यातही मुलाकडे पाहणारी माणसे आधी होती, गोळी नंतर आली. लहानग्यांच्या बाबतीत तोच क्रम आजही सर्वांत भक्कम ठरला आहे.

(समाप्त)