टी-शर्ट छपाईसाठी डीटीएफ मशीन घेताय? आधी रोजचं काम मोजा

वसई : गोविंदा पथकांच्या जर्सी, गणपती मंडळांचे टी-शर्ट, थंडीतल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या टीम, शाळांची स्नेहसंमेलनं, नाताळ आणि अधूनमधून निवडणुका. वसई-विरार पट्ट्यात कापडावरच्या छपाईचं काम कुठे ना कुठे निघतंच. त्यामुळे नालासोपारा-विरारचे फ्लेक्सवाले, वालीव-सातिवलीतले गाळेवाले आणि गावातली बारावी झालेली मुलं 'डीटीएफ' मशीनची चौकशी करू लागली आहेत. मोबाईलवर व्हिडिओ बघितला की काम सोपं वाटतं. मशीन चालवणं तसं अवघड नाहीच. अवघड आहे ती चालू ठेवणं.

डीटीएफ म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. डिझाईन आधी प्लास्टिकच्या फिल्मवर उलटं छापायचं, रंगावर पांढऱ्या शाईचा थर द्यायचा, ओल्या शाईवर गोंदाची पावडर टाकायची आणि ती गरम करून वितळवायची. झाला स्टिकर तयार. तो कपड्यावर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण १५० ते १६० डिग्रीवर १० ते १५ सेकंद दाबला की बसतो. कॉटन, पॉलिस्टर, मिक्स, काळा, पांढरा, सगळ्या कपड्यांवर चालतो. एक टी-शर्ट असला तरी काम घेता येतं, ही याची मोठी सोय.

पण सगळंच काम डीटीएफचं नसतं. एकाच रंगात दोनशे टी-शर्ट असतील तर स्क्रीन प्रिंटिंग आजही स्वस्त पडतं. डहाणू-जव्हारकडची वारली चित्रं गडद कपड्यावर नुसत्या पांढऱ्या रंगात छापायची असतील आणि माल जास्त असेल, तर स्क्रीनवाल्याकडेच जा. क्रिकेटची पूर्ण रंगीत जर्सी सब्लिमेशनची असते. तशा जर्सीवर वरून डीटीएफ लावला तर प्रेसच्या उष्णतेने पॉलिस्टरचा लाल किंवा निळा रंग सुटतो आणि पांढरी अक्षरं गुलाबी-निळसर दिसायला लागतात. तेव्हा तुमच्याकडे गेल्या वर्षात आलेली कामं वहीत लिहून काढा. त्यातलं डीटीएफचं खरोखर किती, ते आधी बघा.

पांढरी शाई रोज हलती हवी

या मशीनचा जीव पांढऱ्या शाईत आहे आणि दुखणंही तिथेच आहे. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड, त्यामुळे शाई उभी राहिली की तळाला बसतं. प्रिंट हेडची भोकं केसापेक्षाही बारीक. मशीन चार-पाच दिवस बंद राहिली की भोकं तुंबतात. ठिबकवाल्या शेतकऱ्याला वेगळं समजवायला नको : फिल्टर न धुता पाणी सोडलं की ड्रिपरचं काय होतं ते आपण बघतोच. फरक एवढाच, ड्रिपर काही रुपयांत बदलतो. हेड हा या मशीनमधला सर्वांत महागड्या भागांपैकी एक, आणि बहुतेक विक्रेते हेडवर वॉरंटी देत नाहीत.

म्हणून काम असो वा नसो, रोज नोझल चेक काढायचा आणि थोडी तरी छपाई करायची. गणपतीआधी महिनाभर रात्रंदिवस मशीन चालवायची आणि पितृपक्षात कुलूप लावून गावाला जायचं, असं जमणार नाही. घरात दुसरं कोणीतरी शिकलेलं हवं. बायको, भाऊ, मुलगी, कोणीही चालेल.

रोज पुरेल एवढं काम नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : प्रिंटर घेऊच नका, नुसती हीट प्रेस घ्या. ६० सेंमी रुंदीच्या फिल्मवर मीटरच्या भावाने स्टिकर छापून देणारे आता मुंबईत आणि आसपास बरेच आहेत. डिझाईन मोबाईलवरून पाठवायचं, स्टिकर पार्सलने येतात. मोजून बघा : छापायची जागा ५८ सेंमी धरली तर एका मीटरमध्ये २८ बाय १९ सेंमीची १० डिझाईनं बसतात. छातीवरचे ८ सेंमीचे लोगो असतील तर मध्ये अर्धा सेंमी सोडूनही ६६ बसतात. स्टिकर कोरड्या जागी ठेवले तर काही महिने टिकतात. वर्षभर असं काम करा. गिऱ्हाईक कायम आहे असं दिसलं की मग मशीनकडे वळा.

आता हप्त्याचं गणित. समजा ३ लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत ३ वर्षं. हप्ता सुमारे ९,८२० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे ३७८ रुपये. तयार स्टिकर विकत घेण्याऐवजी स्वतः छापून नगामागे २० रुपये वाचतात असं धरा. म्हणजे नुसता हप्ता फेडायला रोज १९ नग छापायला हवेत. लाईट, मजुरी, गाळ्याचं भाडं आणि हेडसाठी बाजूला टाकायचे पैसे अजून यात नाहीत. तुमचे आकडे टाकून हेच गणित कागदावर करा.

मशीन कोणती

बाजारात ढोबळ तीन प्रकार दिसतात. पहिला, घरगुती फोटो प्रिंटरमध्ये बदल करून बनवलेली मशीन. एप्सनचा एल १८०० यासाठी खूप वापरला गेला. त्याच्या सहा रंगांपैकी फिक्या निळ्या-गुलाबीच्या जागी पांढरी शाई भरतात. स्वस्त पडते, शिकायला बरी, पण कंपनीची वॉरंटी संपली असंच समजायचं. पांढरी शाई फिरती ठेवायची सोयही बऱ्याचदा नसते, बाटली हातानेच हलवावी लागते. दुसरा, ३० सेंमी रुंदीची डीटीएफसाठीच बनवलेली, बहुधा एक्सपी ६०० हेडची. छोट्या धंद्याला पुष्कळदा हीच पुरते. तिसरा, ६० सेंमीची, आय ३२०० हेडची, पावडर टाकणारा शेकर आणि ओव्हन जोडलेली. ही जॉबवर्कवाल्यांची मशीन. दुसऱ्या दुकानांना मीटरवर छापून द्यायचं असेल तरच तिच्याकडे बघा.

आय ३२०० मध्ये उपप्रकार आहेत. डीटीएफची शाई पाण्यावर आधारित असते, तिला 'ए १' लागतं. 'ई १' हे इको-सॉल्व्हंट शाईचं, म्हणजे फ्लेक्स-व्हिनाईलच्या कामाचं. बिलावर हेडचं पूर्ण नाव लिहून घ्या. शाई हलवणारी मोटर आणि शाई फिरवणारा पंप आहे का, ते झाकण उघडून बघा. छपाईचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल मूळचा आहे का, तेही विचारा. चोरीचं सॉफ्टवेअर ऐन सीझनमध्ये बंद पडलं तर कोणाकडे तक्रार करणार?

डेमोला जाताना स्वतःचं डिझाईन न्या. त्यात बारीक मराठी अक्षरं, वेलांट्या-अनुस्वार असू द्या, आणि काळा टी-शर्ट घेऊन जा. अनुस्वार सुटतात का ते बघा. तो टी-शर्ट घरी आणून दुसऱ्या दिवसापासून चार-पाच वेळा धुवा, मग बोला. आणि एक प्रश्न नक्की विचारा : मशीन बंद पडली तर विरारला माणूस कुठून येणार, किती दिवसांत? सुरत किंवा दिल्लीहून स्वस्तात आलेल्या मशीनपेक्षा मुंबई-ठाण्यात माणूस असलेला विक्रेता थोडा महाग असला तरी परवडतो.

पावसाळा आणि वीज

आपल्याकडची हवा या धंद्याला त्रास देते. अर्नाळा, कळंब, भुईगाव अशा किनाऱ्याच्या गावांत तर जास्तच. दमट हवेत पावडरच्या गुठळ्या होतात, ती कोऱ्या फिल्मलाही चिकटते आणि कपड्यावर डिझाईनभोवती ठिपके उमटतात. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, फिल्मचा रोल काम संपलं की पिशवीत. पत्र्याच्या शेडमध्ये मशीन ठेवू नका. बंद खोली हवी, जमल्यास एसी.

छपाई चालू असताना लाईट गेली तर हेड आपल्या जागेवर परत जात नाही, उघडंच राहतं आणि सुकतं. म्हणून प्रिंटरला यूपीएस हवाच. ओव्हन आणि हीट प्रेस मात्र त्या यूपीएसवर लावू नका, त्यांचा लोड फार असतो. मोठी हीट प्रेस एकटीच २ किलोवॅटच्या आसपास ओढते. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, आणि महावितरणकडे मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा. पावडर वितळताना धूर निघतो, तिथे एक्झॉस्ट फॅन लावा, तोंडाला मास्क. चाळीतल्या राहत्या खोलीत, लहान मुलांजवळ हे काम नको.

कर्ज आणि अनुदान

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक अशा विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारणला १०, विशेष गटाला ५ टक्के. गाव महापालिकेच्या हद्दीत असेल तर शेती करत असलात तरी शहरी दरच लागतो. वाडा, विक्रमगड, तलासरीच्या ग्रामपंचायत हद्दीत ग्रामीण दर. सध्या अर्ज घेतात का, ते पालघरच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, आधीपासून चालू असलेल्या युनिटला नव्या युनिटचं अनुदान मिळत नाही. त्यामुळे विक्रेत्याकडून आधी फक्त कोटेशन घ्या, पैसे देऊ नका. बँकेची मंजुरी आल्यावरच खरेदी करा. अनुदानाची रक्कम लगेच हातात येत नाही. ती तीन वर्षं बँकेत तुमच्या कर्जाच्या नावे ठेवलेली असते, आणि धंदा खरंच चालू आहे का याची पाहणी झाल्यावर कर्जात वळती होते.